डबक्याची कच्ची वही

तपासणी येणार म्हटलं की आमच्या शाळेत पहिला मार झाडांना बसतो. कमरेपर्यंत चुना, त्यावर गेरूचा पट्टा. कडुनिंब असो की करंज, सगळी झाडं एकाच बँडपथकातली वाजंत्री दिसायला लागतात. मग दगडांचा नंबर, मग कुंड्यांचा. एकदा रंग उरला म्हणून हिरामण शिपायाने टाकीमागचं वारूळही रंगवलं होतं, आणि बोरस्ते सरांनी त्याला सर्वांसमक्ष शाबासकी दिली होती.

धोंडीराम बोरस्ते हे आमचे मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता; वाईट असायला थोडी कल्पनाशक्ती लागते. त्यांचा एकच सिद्धान्त होता: जे दिसतं ते रंगवा, जे रंगवता येत नाही ते कंपाउंडपलीकडे टाका. बावीस वर्षांच्या नोकरीत हा सिद्धान्त एकदाही चुकला नव्हता.

मी शाळेचा कारकून. सगळे मला भाऊसाहेब म्हणत. भांडाराची किल्ली माझ्याकडे आणि डेडस्टॉक रजिस्टरही माझ्याकडे. ज्यांनी शाळेत नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो: शाळेतली जी वस्तू लवकर संपत नाही ती या रजिस्टरात चढते. बाकं, घंटा, पृथ्वीचा गोल. चढवायला माझी एक सही पुरते, उतरवायला निर्लेखन समितीच्या तीन लागतात, आणि समिती बसते मार्चमध्ये. तोपर्यंत वस्तू मोडो, सडो, वाळवी खाऊन टाको, कागदावर ती जिवंत. आमच्याकडे एक हार्मोनियम आहे, म्हणजे त्याची एक पांढरी पट्टी आहे. ती पट्टी मी दर वर्षी मुलांदेखत हातात घेतो, पुसतो आणि लिहितो: हार्मोनियम, एक नग.

ही गोष्ट सिंहस्थाच्या वर्षातली, २००३ सालची. शाळा सातपूरला, कामगारांच्या वसाहतीत. मागे कारखान्यांच्या भरावासाठी मुरूम काढून झालेला मोठा खड्डा होता. त्यात वर्षातले दहा महिने पाणी असायचं. आम्ही त्याला डबकं म्हणायचो आणि त्याचा उपयोग आम्हाला पक्का ठाऊक होता: खिडकीतून हात बाहेर काढून मूठ उघडली की ते समोरच होतं.

त्या वर्षी आठवीला 'परिसंस्था' नावाचा धडा होता आणि त्यावर प्रकल्प होता. चाळीस मुलांनी थर्माकोल आणला. थर्माकोलचे डोंगर, थर्माकोलची नदी, थर्माकोलचा वाघ. निसर्ग वाचवा असं त्यावर चकचकीत कागदाने चिकटवलेलं. प्रकल्प तपासून झाले की तो सगळा निसर्ग मुलांनी मागच्या खिडकीतून डबक्यात ढकलला.

एकच मुलगी थर्माकोल न आणता आली. संध्या भोये. वडील एका वर्कशॉपात लेथवर, आई तानुबाई दोनतीन बंगल्यांची कामं करायची. दोघं पेठकडच्या डोंगरातले. संध्याने दोनशे पानी वही आणली आणि आईची पिठाची चाळण. रोज मधल्या सुट्टीत ती डबक्याकाठी बसायची, चाळण पाण्यात घालायची, वर काढायची आणि मोजायची. डाव्या पानावर जिवंत, उजव्या पानावर कचरा. मी वही एकदा सहज पाहिली आणि चाटच पडलो. माझ्या रजिस्टरात अशा नोंदी नव्हत्या.

डावीकडे: "२१ ऑगस्ट, गुरुवार. बेडूक ४३. चतुर १९. खेकडे ६. दिवड साप १ (तोच). ढोकरी बगळे २. पाणनिवळ्या मोजता येत नाहीत, थांबत नाहीत."

उजवीकडे: "गुटख्याच्या पुड्या ३१. कॅरीबॅगा १४. तेलकट चिंध्या ५, कारखान्याच्या बाजूला. थर्माकोलचा वाघ १, डोकं नाही. रिफिली १७, नववी ब च्या खिडकीखाली. चहाचे प्लास्टिकचे कप ८, ऑफिसच्या खिडकीखाली."

ऑफिसात चहा पिणारा मी एकटाच. दुसऱ्या दिवसापासून मी कप खिडकीतून टाकायचं बंद केलं. दारातून टाकायला लागलो.

"हे शेवाळ तेवढं काढून टाकायला हवं," मी तिला जाणत्यासारखं सांगितलं.

"नको काका. ते खाऊन बारके जीव जगतात. त्यांना चतुराची पिल्लं खातात. चतुराची पिल्लं डासांच्या अळ्या पण खातात. उरलेले डास बेडूक खातो, बेडकाला दिवड खातो. शेवाळ काढलं तर सगळं खालून पडेल."

"म्हणजे?"

"म्हणजे गावातलं रेशनचं दुकान बंद केल्यासारखं."

सप्टेंबरात कारखानदारांच्या एका मंडळाने 'सुंदर शाळा' ढालीची स्पर्धा काढली. शंभर गुणांचा फॉर्म. त्यात अकरावा मुद्दा: शाळेतील जिवंत परिसंस्था, दहा गुण. एक विद्यार्थी परीक्षकांना ती दाखवेल. विद्यार्थ्याचा प्रकल्प चांगला निघाला तर तो पुण्याच्या प्रदर्शनाला जाईल, हे खाली बारीक अक्षरात. बारीक अक्षर संध्याने वाचलं, दहा गुण बोरस्ते सरांनी वाचले. ती तर त्या दिवसापासून मधल्या सुट्टीतला डबाही डबक्यावरच खायला लागली.

बोरस्ते सर बावीस वर्षांत पहिल्यांदा डबक्यापाशी गेले. सोबत चित्रकलेचे यादव सर, मागे मी.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"परिसंस्था, सर," संध्या म्हणाली.

"ते मला माहीत आहे. हे हिरवं काय आहे?"

"शेवाळ."

"आणि हे पाहुण्यांना दाखवायचं? पाहुणे घरी आले की आपण त्यांना मोरी दाखवतो का?"

"सर, शेवाळ काढलं तर..."

"तर पाणी दिसेल. दहा गुण आहेत, गंमत नाही. यादव सर, काय करता येईल?"

यादव सरांचे डोळे चमकले. "कडेने दगड लावू सर. एक लाल, एक पांढरा."

"आणि पाण्यात?"

"मासे सोडू. सोनेरी. लांबून उठून दिसतात."

"सर, इथे बेडूक आहेत," संध्या म्हणाली. "त्रेचाळीस."

"बेडूक कसले मोजतेस? बेडूक का बघायची गोष्ट आहे?" सर माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, भांडारात टीसीएल पडलंय ना? सगळं पोतं काढा. एकदाच काय तो सोक्षमोक्ष होऊ दे."

टीसीएल म्हणजे पाण्यात टाकायची पांढरी जंतुनाशक भुकटी. सिंहस्थामुळे त्या वर्षी शहरभर तिचाच वास होता. पंचवीस किलोचं एक पोतं आमच्या भांडारातही येऊन पडलेलं. कुठून आलं हे मी विचारलं नव्हतं. आलेल्या वस्तूला मूळ विचारायचं नसतं, फक्त नग विचारायचे.

सोमवारी दुपारी मी कुलूप काढत होतो तेव्हा संध्या मागे येऊन उभी राहिली.

"काका, किल्ली हरवली म्हणा."

"खोटं बोलू?"

"मग खरं सांगा. किती पाण्याला किती टाकायचं ते पोत्यावर लिहिलंय. मूठभर पण लागत नाही."

"तू वाचलंस?"

"मी वाचलं. तुम्ही?"

मी वाचलं नव्हतं. पोतं आत ठेवताना मी फक्त वजन पाहिलं होतं.

"हे बघ पोरी," मी म्हणालो, "वरून हुकूम आहे. माझं काम वस्तू द्यायची आणि सही घ्यायची."

हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललोय की ते बोलताना मला जीभही हलवावी लागत नाही. पोतं दिलं. हिरामणची सही घेतली. खपाच्या रजिस्टरात लिहिलं: टीसीएल, पंचवीस किलो. 'प्रयोजन' या रकान्यात लिहिलं: डबक्याकरिता.

मग श्रमदान झालं. नववीच्या मुलांनी शेवाळ उपसलं, कडेचं पाणकणीस मुळासकट काढलं, पुड्या, पिशव्या, चिंध्या आणि तो बिनडोक्याचा वाघ काढला. बारा गोण्या भरल्या. त्या गोण्या कुठे गेल्या? कंपाउंडपलीकडे, नासर्डी नदीला मिळणाऱ्या नाल्यात. आमची हद्द भिंतीपाशी संपते आणि पर्यावरणही तिथेच संपतं, असं आमचं सर्वांचं मत. शेवटी हिरामणने नाकाला रुमाल बांधून पोतं पाण्यात उपडं केलं. यादव सरांनी 'परिसंस्था' असा फलक लावला, अक्षरांना सावली दिलेला.

मंगळवारी सकाळी मी सायकल लावत होतो तर मागच्या बाजूला संध्या आणि तानुबाई दिसल्या. संध्या चाळण घेऊन बसली होती, मोजत होती. रडत नव्हती. रडताना आकडा चुकतो, तिने मला नंतर सांगितलं.

पाणी आरशासारखं नितळ. तळाचा मुरूम दिसत होता. आणि वर पांढरी पोटं.

तेवढ्यात बोरस्ते सर आले. तानुबाई कामाला निघालेली, हातात पिशवी. ती बाजूला सरली नाही.

"सर, ही कशाची साफसफाई म्हणायची?"

"बाई, रोगजंतू मारलेत. तुमच्याच मुलांच्या आरोग्यासाठी."

"जंतू तर कुठं दिसत नाय," तानुबाई पाण्याकडे बघत म्हणाली. "बेडकं दिसतात."

"तुम्हाला नाही कळायचं ते."

"नाय कळायचं. आमच्याकडं डोंगरात पाणी चांगलं हाय का नाय ते बेडकं बघून कळतं. तुमच्याकडं कशावरून कळतं?"

सरांनी हिरामणला हाक मारली आणि प्रार्थनेच्या आत घमेलं भरून सगळं भिंतीपलीकडे गेलं पाहिजे असं बजावलं. तोवर संध्याचं मोजून झालं होतं. बेडूक अठ्ठावन्न. जिवंतपणी तिला त्रेचाळीस सापडले होते. मेल्यावर पंधरा जास्त निघाले. खरं सांगायचं तर मेल्यांपेक्षा त्या पंधरांचंच तिला जास्त लागलं. "काका, हे होते आणि मी लिहिलेच नव्हते," ती म्हणाली.

गुरुवारी परीक्षक यायचे होते. बुधवारी बोरस्ते सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक नवी वही होती. लाल कव्हर, सोनेरी दोरी. आत यादव सरांचं टपोरं अक्षर, प्रत्येक पानाला वेलबुट्टीची चौकट. शाळेत कच्ची वही म्हणजे जे झालं ते. पक्की वही म्हणजे जे झालं असतं तर बरं दिसलं असतं ते. पहिल्या पानावर कमळ होतं. दुसऱ्यावर सोनेरी मासे. तिसऱ्यावर हंस. यादव सरांना हंस फार सुरेख काढता येतो, एवढ्याच कारणाने तो सातपूरला आला होता.

"ही तुझी वही," सर म्हणाले. "उद्या हीच वाचायची."

संध्याने पानं उलटली. "सर, हंस कधी आला?"

"येईल."

"आणि बेडूक?"

"बेडकांचं नाव काढायचं नाही. तुला वाचायचं नसेल तर तुझ्या वर्गातली तृप्ती वाचेल, तिचा आवाजही तुझ्यापेक्षा बरा आहे. पुण्यालाही मग तीच जाईल. आणि ती तुझी मळकी वही भाऊसाहेबांकडे जमा कर. भाऊसाहेब, रद्दीत घाला ती."

संध्याने वही माझ्यासमोर ठेवली. तीन महिन्यांची वही; पानं पाण्याने फुगलेली, दोन ठिकाणी शेवाळ वाळून चिकटलेलं. ती ठेवताना तिने हात लगेच उचलला नाही.

मी धाडसी माणूस नाही. पण ताब्यात आलेली वस्तू नोंद न करता ठेवली तर मला जेवण जात नाही. आणि रद्दी म्हणावी तर रद्दीत पानांवरचे आकडे कुणी वाचत नाही; या वहीतले मी वाचले होते. सर जेवायला गेले तेव्हा मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: कच्ची वही, डबक्याची, पाने दोनशे, एक नग.

तासाभराने सरांनी विचारलं, "घातली का रद्दीत?"

"चढवली सर."

"कशात?"

"डेडस्टॉकला."

"उतरवा!"

"तीन सह्या लागतील. समिती मार्चमध्ये बसते."

पंधरा वर्षं मी नियम दाखवून लोकांची कामं अडवत आलो होतो, आणि सरांनी ते कौतुकाने पाहिलं होतं. त्या दिवशी मी काही वेगळं केलं नाही. फक्त समोर ते होते.

गुरुवारी तीन परीक्षक आले. दोन कारखानदार, सफारीतले. तिसऱ्या वत्सलाबाई देवरे, प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, पायांत साध्या चपला. पाहुणे फाटकात असतानाच डबक्यातल्या बारा सोनेरी माशांपैकी सात उलटे झाले होते. हिरामणला करंजाच्या आड बांबू देऊन बसवलं होतं. पाणी ढवळलं की उरलेले मासे आणि मेलेले मासे सारखेच हलत.

"वा, नीटनेटकं आहे," पहिले कारखानदार म्हणाले.

"दगड छान," दुसरे म्हणाले.

वत्सलाबाई खाली वाकल्या. "पोहण्याच्या तलावासारखा वास येतोय. डबक्याला कसा काय?"

"स्वच्छता, बाई," बोरस्ते सर म्हणाले. "संध्या, वाच."

संध्या लाल वही घेऊन पुढे आली. मी भिंतीला टेकून उभा होतो. तिने कमळ वाचलं. मासे वाचले. तिसरं पान उलटलं आणि थांबली. मागे तृप्ती गळा साफ करून तयारच होती.

"पुढे वाच ना," सर गोड आवाजात म्हणाले.

"पुढचं मी पाहिलेलं नाही," संध्या म्हणाली. "मागचं पण नाही पाहिलं. चुकून वाचलं."

"घाबरली," सर हसले. "मुलं घाबरतात. तृप्ती..."

"थांबा हो," वत्सलाबाई म्हणाल्या. "तू जे पाहिलंस ते कुठे लिहिलंयस?"

संध्याने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं. बोरस्ते सरांची नजर तर सांगत होती की पुढची वेतनवाढ आता विसर.

"डेडस्टॉकला आहे, बाई," मी म्हणालो. "पान चौऱ्याण्णव, अनुक्रमांक सहा."

वत्सलाबाईंनी वही उभ्यानेच वाचली. अर्धा तास. तेवढ्यात बाकीच्या दोघांचा चहा झाला, पोहे झाले, शाळेच्या पुढच्या योजना ऐकून झाल्या. बाई शेवटच्या पानावर आल्या. तिथे डावीकडे होतं, बेडूक ५८, आणि कंसात 'मेलेले'. उजवीकडे, टीसीएल २५ किलो.

"हे कोणी दिलं?"

"मी," मी म्हणालो.

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्याकडे हुकुमाचं उत्तर तयार होतं.

आठ दिवसांनी निकाल आला. ढाल आमच्या शाळेला. दोन विरुद्ध एक. अभिप्राय: "परिसर नीटनेटका व डोळ्यांस सुखद." आणि विद्यार्थी प्रकल्पाच्या रकान्यात: "दोन वह्यांतील नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, सबब अपात्र." पंधरा वर्षांत मी हजारो शेरे वाचले, इतका बिनचूक आणि इतका बेशरम शेरा पहिल्यांदा पाहिला. पुण्याला कुणीच गेलं नाही.

ढाल द्यायच्या दिवशी वत्सलाबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी संध्याला जवळ बोलावलं.

"मी हरले गं."

"किती मतांनी?"

"एका."

"मी अठ्ठावन्नने," संध्या म्हणाली.

ढाल ऑफिसात टांगली. मी चढवली: ढाल, पितळी, एक नग. ऑक्टोबर अर्ध्यावर आला आणि तिच्याखाली बसणं अवघड झालं. नितळ पाण्यात डासांनी आपलं घर थाटलं होतं. भाडं मागायला कुणी नाही, खायला कुणी नाही. संध्याकाळच्या पालकसभेत बोरस्ते सर पर्यावरणावर बोलताना एक पाय दुसऱ्या पायावर घासत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे मागणी पाठवली. मी खपाच्या रजिस्टरात लिहिलं: मच्छर अगरबत्ती, तीन डझन. प्रयोजन: कार्यालयाकरिता. डबक्यात आणखी एक पोतं टीसीएल टाकावं, असाही सरांचा विचार होता. मी म्हणालो, शिल्लक नाही. ते खरंच होतं. पण असतं तर काय म्हणालो असतो, हे मी स्वतःला विचारलेलं नाही.

त्याच आठवड्यात संध्या ऑफिसात आली.

"काका, माझी वही द्या."

"ती काढायला तीन सह्या. मार्चपर्यंत थांब."

"मग नवी द्या."

"नवीत काय लिहिणार? तिथे आता आहे काय?"

"अळ्या आहेत. एका वाटीत चौऱ्याहत्तर."

"आणि खाणारं?"

"शून्य."

"मग ते कशाला लिहायचं?"

"तुम्ही नाही का ती हार्मोनियमची पट्टी लिहीत?"

मी कपाट उघडलं. दोनशे पानी वही काढली, धूळ पुसली. खपाच्या रजिस्टरात ओळ घातली आणि सवयीने 'प्रयोजन' रकान्यात लिहिलं: डबक्याकरिता. लिहून झाल्यावर दिसलं की चार ओळी वर तोच शब्द, माझ्याच अक्षरात, टीसीएलपुढे आहे. मी वरच्या ओळीवर हळूच तळहात ठेवला आणि रजिस्टर तिच्याकडे सरकवलं.

"इथे सही कर."

तिने माझा हात बाजूला केला, वरची ओळ वाचली, खालची वाचली आणि सही केली. वही काखेत मारून दारापर्यंत गेली आणि वळली.

"काका, ती वरची ओळ खोडू नका हं."